ड्रम कोर आता कुणाचं राहिलंय?

मेलोफोनची_आई (बे एरिया)

घरी सध्या याच विषयावर वाद चालू आहे, आणि इथे मुलं मार्चिंग बँडमध्ये असलेले बरेच आईबाबा आहेत, म्हणून धागा काढतेय. लेक हायस्कूलच्या बँडमध्ये मेलोफोन (फ्रेंच हॉर्नसारखं पितळी वाद्य) वाजवते. पुढच्या उन्हाळ्यात तिला ड्रम कोरच्या ऑडिशनला जायचंय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फक्त पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड. बासरी, सॅक्सोफोन नाहीत. वयाची मर्यादा २१. दीडशेच्या वर मुलं उन्हाळाभर बसने देश पालथा घालतात, रात्री कुठल्या तरी शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपतात आणि फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम रोज घासत राहतात. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये डीसीआयची, म्हणजे ड्रम कोर्स इंटरनॅशनलची अंतिम स्पर्धा असते.

हे सगळं सुरू झालं पहिल्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांच्या अमेरिकन लिजन आणि व्हीएफडब्ल्यू या संघटना गावोगाव होत्या, सैन्याचे जादा बिगुल स्वस्तात मिळत होते. त्यातून पथकं उभी राहिली. मग चर्च आले, स्काउटची पथकं आली. गारफिल्ड, न्यू जर्सी इथल्या एका चर्चच्या मुलांनी १९३४ मध्ये होली नेम कॅडेट्स काढलं. शिकागोचं कॅव्हेलियर्स १९४८ मध्ये स्काउटच्या तुकडीतून निघालं. बॉस्टन क्रुसेडर्स १९४० चं, तेही चर्चचंच. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक आजोबा साठच्या दशकात अशाच एका पथकात होते. ते सांगतात, वाजवता येतं का असं कुणी विचारायचंच नाही. हातात बिगुल द्यायचे, आठवड्यात दोन संध्याकाळी शिकवायचे आणि मे महिन्यात परेडला उभं करायचे.

जुने लोक वाद्यांवरून हळहळतात. बिगुल जी पट्टीतलाच हवा, त्याला व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) नकोत. १९७७ ला दोन व्हॉल्व्ह आले, १९९० ला तीन, २००० पासून कुठल्याही पट्टीचं वाद्य चालायला लागलं, २००४ ला माइक, २००९ ला सिंथेसायझर, २०१४ ला ट्रॉम्बोनसुद्धा. मला यातलं काहीच खुपत नाही. मला खुपतं ते वेगळं आहे. आज वरच्या फळीतल्या पथकाची एका उन्हाळ्याची फी साधारण पाच-सहा हजार डॉलर आहे. त्यावर हिवाळ्यातल्या शिबिरांची विमानाची तिकिटं. पथकाच्या नावात गावाचं नाव असलं तरी वाजवणारी बहुतेक मुलं त्या गावची नसतात, देशभरातून निवडलेली, बरीचशी कॉलेजात संगीत शिकणारी असतात. कला कुठल्या कुठे पोचली, हे मी मनापासून मानते. पण ज्या पोराच्या घरात कधी वाद्य नव्हतं, त्याच्यासाठी हे होतं. त्या पोरासाठी आता दार बंद आहे. माझ्या मते पिढ्यांमधला खरा बदल हाच आहे, बाकीचे सगळे तपशील.

श्रीरंग_न्यूजर्सी

ताई, फीबद्दल एकदम सहमत. पण वाद्यं म्हणजे तपशील, हे मात्र पटलं नाही.

मी नव्वदच्या दशकात इथे शिकायला आलो आणि मित्राने पहिल्यांदा स्टेडियममध्ये नेलं. साठ-सत्तर पोरं वळून एकदम समोर तोंड करून उभी राहतात आणि फुंकतात, तेव्हा जे अंगावर येतं ते माणसाच्या फुप्फुसातून आलेलं असतं. मध्ये तार नाही, डबा नाही. जी पट्टीच्या बिगुलाला एक खरखरीत धार होती. सूर जरा इकडेतिकडे व्हायचा, पण ती धार दुसऱ्या कुठल्या वाद्यात नाही. आता ट्युबावाले (सर्वात खर्जातलं पितळी वाद्य) सोळा जण जीव तोडून वाजवत असतात आणि खालचा सगळा गडगडाट स्पीकरमधून येतो. खुर्ची थरथरते ती कुणामुळे, हे प्रेक्षकाला कळत नाही. त्या सोळा पोरांच्या उन्हाळ्याची किंमत तिथे कमी होते.

आणि फीचा संबंध याच्याशी थेट आहे. मिक्सर, स्पीकर, केबल, जनरेटर, ते वाहून न्यायला आणखी एक ट्रक, ते चालवायला जाणकार माणूस. त्यात हल्ली मैदानावर उभे करायचे उतार, जिने, पडदे आणि दर वर्षी नव्याने शिवलेले कपडे. पूर्वी लोकरी गणवेश आणि तुरेवाली उंच टोपी वर्षानुवर्षं चालायची. पोरांच्या खिशातून जाणारे पैसे ताई म्हणतात त्या 'तपशिलां'वरच जातात.

पिटवाला_ऑस्टिन

श्रीरंगकाका, मी मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं मोठं वाद्य) वाजवलेला आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

तुम्ही ज्या काळाबद्दल बोलताय त्याच्याही आधी, १९८२ पर्यंत, तालवाद्यं जमिनीवर ठेवायला परवानगी नव्हती. सगळं अंगावर. टिंपनी हा हंड्यासारखा ड्रम म्हणजे केवढं धूड, तेही पट्ट्याने छातीवर अडकवून चालायचं. एकेकाकडे एकेक टिंपनी, म्हणजे एक धून वाजवायला चार-पाच जणांनी मिळून एकेक सूर टाकायचा. झायलोफोनही गळ्यात. जुने फोटो बघा, मुलं मागे रेललेली दिसतात. त्यांच्या पाठींचं काय झालं असेल याचा विचार करा.

१९८२ ला वाद्यं मैदानाच्या पुढच्या कडेला ठेवता यायला लागली आणि पिट तयार झाला. पण माइक यायला आणखी बावीस वर्षं गेली. त्या बावीस वर्षांत पिटमधली मुलं काय करत होती? पन्नास-साठ हॉर्नच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या वर ऐकू जावं म्हणून कडक डोक्याच्या काठ्यांनी, सगळा जोर लावून लाकडी पट्ट्या बडवत होती. मारिंबाचा मूळ आवाज मऊ, खोल आणि गोल. तो स्टेडियममध्ये कुणी ऐकलाच नव्हता. २००४ नंतर आम्ही मऊ काठी हातात घेतली आणि पहिल्यांदा ते वाद्य जसं वाजवायला हवं तसं वाजवलं. माझ्यासाठी माइक म्हणजे कृत्रिमपणा नाही, त्यानेच वाद्याचा खरा आवाज परत दिला.

आणि सिंथेसायझर नुसता गडगडाटासाठी नाही हो. २०१४ मध्ये ब्लूकोट्स या पथकाने अख्खी हॉर्न लाइन आणि सिंथेसायझर मिळून एक स्वरसमूह हळूहळू खाली ओढत नेला. मैदान कलतंय असं वाटावं असा. असलं काही बिगुलवर तर नाहीच, कुठल्याच एका वाद्यावर जमणार नाही.

श्रीरंग_न्यूजर्सी

पिटला माइक द्या, माझी ना नाही. तुमच्या हातांचं आणि पाठीचं पटलं. पण पिटला आवाज मिळवून देण्यासाठी आलेली तार तिथेच थांबली नाही. हॉर्नच्या एकट्या वादकापुढे माइक आला, मग निवेदन आलं, मग ध्वनिमुद्रित आवाज आले. एक दार उघडताना पुढची किती उघडणार आहेत याचा विचार कुणीतरी करायला हवा होता.

अनघा_मॅडिसन

मला मूळ धाग्याबद्दल बोलायचंय.

'ज्या पोराच्या घरात वाद्य नव्हतं, त्याच्यासाठी हे होतं.' ताई, 'पोर' कोण? मी ज्या शहरात राहते तिथलं मॅडिसन स्काउट्स १९३८ पासूनचं. मुलींना तिथे प्रवेश खुला व्हायला २०२० चा हंगाम उजाडावा लागला. कॅव्हेलियर्समध्ये तर त्यानंतरही फक्त मुलगेच राहिले. मुलींची वेगळी पथकं होती, काही पथकांत कलर गार्डमध्ये मुली होत्या, हे सगळं मला माहीत आहे. पण तुमची लेक १९६० मध्ये मेलोफोनसारखं वाद्य घेऊन यातल्या बऱ्याच पथकांच्या दारात गेली असती, तर तिला परत पाठवलं असतं. गल्लीतलं दार उघडं होतं ते गल्लीतल्या निम्म्या मुलांना.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'पूर्वी शिस्त होती' असं जुने लोक फार म्हणतात. त्या शिस्तीच्या आड मुलांचं काय झालं, हे गेल्या काही वर्षांत बाहेर आलंय. तुम्ही उल्लेख केलेलं तेच होली नेम कॅडेट्स, पुढे नुसतं कॅडेट्स, दहा वेळा डीसीआयचं विजेतं. २०२४ मध्ये ते कायमचं बंद पडलं. जुन्या काळातल्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्याचा आणि त्यातून आलेल्या विम्याच्या अडचणीचा भार त्याला पेलला नाही. नव्वद वर्षांचं पथक गेलं याचं मलाही वाईट वाटतं. पण मला त्याहून वाईट वाटतं ते इतकी वर्षं गप्प बसलेल्यांबद्दल. आज सोबतच्या मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासली जाते, तक्रार कुठे करायची हे मुलांना आधी सांगितलं जातं. याला पैसा लागतो. तो फीमध्ये येत असेल तर मी आनंदाने भरेन.

मेलोफोनची_आई (बे एरिया)

अनघा, सुरक्षिततेवर होणाऱ्या खर्चाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. मुलींबद्दलही तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे, आणि त्या बाबतीत आजचा काळ निर्विवाद चांगला.

पण बघ, एक दार उघडलं म्हणून दुसरं बंद व्हायलाच हवं होतं का? मुलगी म्हणून आता तिला कुणी अडवणार नाही. पैसे नाहीत म्हणून मात्र तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीला अडवतील. ती मैत्रीण लेकीपेक्षा सरस वाजवते. ऑडिशनचं नावही काढत नाही, कारण तिच्या आईने फी विचारली आणि विषय संपला. आणि हे फक्त मुलांपुरतंही नाही, पथकंच दमलीत. २०१८ ला विजेतं असलेलं सँटा क्लारा व्हॅनगार्ड २०२३ ला आर्थिक कारणाने मैदानात उतरलंच नाही. विजेत्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

राजस_इंडियाना

मी इथे शाळेच्या बँडसाठी पालक म्हणून बरीच वर्षं काम करतोय, ट्रक भरण्यापासून गणवेश शिवण्यापर्यंत. माझं मत दोघींपेक्षा वेगळं आहे.

गल्लीतून पथकं कशी सुटली हे बघायचं तर १९७१ कडे बघावं लागेल. तोवर मोठ्या स्पर्धा लिजन आणि व्हीएफडब्ल्यूच्या हातात होत्या. नियम त्यांचे, परीक्षक त्यांचे, बक्षिसाची रक्कमही तेच ठरवणार. परीक्षक हातात फळी घेऊन रांगांमधून फिरायचे. पाऊल चुकलं, सूर फुटला की कागदावर खूण, प्रत्येक खुणेला दशांश गुण वजा. म्हणजे पथकाने काय नवं केलं याला गुण नाहीत, चुका किती कमी केल्या त्याला गुण. त्यामुळे कुणी अवघड करायलाच जायचं नाही. ड्रिल, म्हणजे मैदानावर चालत केलेल्या आकृत्या, दोन्ही बाजूंना आरशासारखं सारखं, सुरुवातीला एका कडेहून आत यायचं, शेवटी दुसऱ्या कडेहून बाहेर जायचं, मध्ये राष्ट्रध्वजाला मानवंदना.

कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, व्हॅनगार्ड, ट्रूपर्स यांसारख्या पथकांनीच याविरुद्ध एकी केली आणि डीसीआय काढलं. पहिली स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटरला झाली, ॲनाहाइम किंग्जमेन जिंकले. पुढे १९८३ ला गारफिल्ड कॅडेट्सनी (तेच मूळचं होली नेम कॅडेट्स) जॉर्ज झिंगालीने रचलेलं ड्रिल आणलं. आकृत्या एकमेकींत वितळत जाणाऱ्या, कुठेही आरसा नाही. लगेच १९८४ ला त्या खुणांच्या पद्धतीला रजा मिळाली. तेव्हा ताई, हा बदल बाहेरून कुणी लादलेला नाही. पथकांना स्वतःला तो हवा होता.

आता गल्लीचं. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं, बस महागल्या, विमा महागला, आणि शनिवार-रविवारी फुकट शिकवणारे काका-मामा कमी झाले. छोटी पथकं त्यात गेली. माइक यायच्या कितीतरी आधी. श्रीरंगकाकांच्या हिशोबात हे बसत नाही.

आणि ती गल्ली गेली कुठे? शाळेत. आज इंडियाना-टेक्सासच्या हायस्कूल बँडचं ड्रिल बघा, ते थेट ड्रम कोरमधून आलंय. शिकवणारे अर्धेअधिक तिथेच तयार झालेले. माझ्या मुलाच्या कमरेला दोरीने एक छोटी वही बांधलेली असते. त्यात कार्यक्रमातली त्याची प्रत्येक जागा लिहिलेली: कुठल्या रेषेपासून किती पावलं, पुढे की मागे. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. ही डॉट बुकची शिस्त वरच्या पथकांनी घडवली आणि आज ती सरकारी शाळेतल्या नववीतल्या पोराला मिळते, वाद्यही शाळेचं. वरची पथकं महाग झाली म्हणून खालपर्यंत काही पोचलं नाही, असं कसं म्हणता येईल?

मेलोफोनची_आई (बे एरिया)

राजस, ज्या शाळेत बँड आहे तिथे हे ठीक. ज्या शाळांनी खर्च कापताना पहिल्यांदा संगीतच कापलं, तिथल्या मुलाला डॉट बुक कोण देणार? गारफिल्डचं चर्च काय, शिकागोची स्काउट तुकडी काय, ती शाळेच्या बजेटवर अवलंबून नव्हती. शाळेत नसलं तरी मुलाला जायला एक जागा होती. तुझं उदाहरण चांगल्या वस्तीतल्या शाळेचं आहे, आणि चांगल्या वस्तीचा प्रश्न कधीच नव्हता.

टिपरू_पुणे

इथलं काही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, व्हिडिओ मात्र भरपूर पाहिलेत. मी पुण्यात ढोल-ताशा पथकात आहे, म्हणून एक निरीक्षण मांडतो.

आमच्याकडेही पिढीत बरंच बदललं. चामड्याच्या पानाऐवजी फायबरचं पान आलं, पावसात सराव सोपा झाला, आवाज बदलला. जुने वादक त्याच्यावर तुमच्या श्रीरंगकाकांसारखंच बोलतात. आधी गावाकडून पथकं यायची, मग शाळा-कॉलेजातल्या मुलांची उभी राहिली, मुली आल्या. आज नदीपात्रात सरावाला इंजिनिअर, रिक्षावाला, दहावीतली मुलगी शेजारी शेजारी उभे असतात. कुणालाही आधी वाजवता येत नाही. पहिले काही दिवस नुसता हात बसवायचा. ढोल बहुतेक पथकाचाच.

हे अजून असं का राहिलं, याचा विचार केला तर मला एकच कारण दिसतं. आमचं मूळ वादन स्पर्धेसाठी नाही, मिरवणुकीसाठी आहे. मधल्या गल्लीत थोडं चुकलं तर गुण जात नाहीत. त्यामुळे निवडक माणसं घ्यायची गरज पडत नाही. तुमच्याकडे गुणाच्या काही हजाराव्या भागांवर विजेता ठरतो म्हणे. ब्लू डेव्हिल्स या पथकाला २०१४ ला ९९.६५० गुण होते. शंभरातले उरलेले ०.३५० मिळवायला किती पैसा आणि किती निवड लागेल! गल्ली तुटली ती गुणपत्रिकेने, असं मला वाटतं. बिगुलच्या व्हॉल्व्हने नाही आणि माइकनेही नाही.

पिटवाला_ऑस्टिन

टिपरू, हे चांगलं मांडलंत. अगदी खरं उदाहरण देतो: २००८ ला फँटम रेजिमेंट हे पथक ब्लू डेव्हिल्सना ०.०२५ गुणांनी हरवून जिंकलं. त्या रात्रीचा व्हिडिओ आजही लोक बघतात. पण स्पर्धा नसती तर ते पथक त्या उंचीला गेलं असतं का? मला नाही वाटत. मी स्वतः तीन महिने रोज दहा-बारा तास उन्हात उभा राहिलो तो मिरवणुकीसाठी राहिलो नसतो. शर्यत काढून घेतली तर ती धग जाईल.

टिपरू_पुणे

धग फक्त शर्यतीनेच येते असं नाही, दादा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर येऊन बघा. पण तुमची कला जिथे पोचली तिथे आमचं वादन पोचलेलं नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. दोन्हीतलं काहीतरी सोडावं लागतं. कुठलं सोडायचं हे ठरवून सोडलं का, एवढाच प्रश्न.

अनघा_मॅडिसन

बॉस्टन क्रुसेडर्स २०२५ ला पहिल्यांदा डीसीआय जिंकले. १९४० पासूनचं पथक, ८५ वर्षांनी. आजच्याच शैलीत, आजच्याच माइकवर. जुनी पथकं नव्या काळात मरतातच असं नाही.

श्रीरंग_न्यूजर्सी

आणि स्टार ऑफ इंडियाना हे पथक १९९१ ला जिंकून १९९३ नंतर स्पर्धाच सोडून गेलं. रंगमंचावर गेलं, त्यातून 'ब्लास्ट!' हा रंगमंचीय कार्यक्रम निघाला, ब्रॉडवेपर्यंत पोचला, २००१ ला टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. पितळी वाद्यं आणि ड्रम घेऊन, गुणपत्रिकेशिवाय. टिपरूंच्या मुद्द्याला हे उदाहरण जोडा.

राजस_इंडियाना

ताई, एक प्रत्यक्ष सूचना. तुम्ही बे एरियात आहात. काँकॉर्डच्या ब्लू डेव्हिल्सची बी आणि सी अशी आणखी दोन पथकं आहेत, लहान आणि शिकाऊ मुलांची. सी मध्ये तर अगदी छोटी मुलं असतात. दौरा छोटा, फी कमी, मुलं बहुतेक आसपासची. तुम्ही म्हणताय ती गल्ली तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. लेकीला आणि त्या मैत्रिणीला घेऊन जा.

मेलोफोनची_आई (बे एरिया)

हो, बी पथकाचं शिबिर बघायला जाणार आहोत, तिघी मिळून. मैत्रिणीच्या आईशी बोलणं झालंय.

पण राजस, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ब्लू डेव्हिल्सना हे परवडतं कारण त्यांनी अनेक दशकं बिंगो चालवून पैसा उभा केला. एकवीस वेळा जिंकलेलं, सर्वात बळकट पथक आहे ते. देशात असं दार किती पथकं उघडू शकतात? मला विचाराल तर डीसीआयने नियमच करावा: वरच्या फळीत उतरणाऱ्या प्रत्येक पथकाने आपल्या गावातल्या शिकाऊ मुलांचं एक पथक चालवलं पाहिजे. माइक किती असावेत, हॉर्न कुठल्या पट्टीचे असावेत, यावर इतकी वर्षं मतदान झालं. यावर एकदा व्हावं.

श्रीरंग_न्यूजर्सी

याला माझं मत. माइकसकट.